ट्रंकेतला जमाना : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या महिन्याच्या टपालात जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांची पत्रं आहेत आणि निम्म्याहून जास्त पत्रांचा विषय एकच : जुने कपडे. सुट्टीत माजी विद्यार्थ्यांचे मेळावे भरतात, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरवाशिणी येतात आणि माळ्यावरच्या ट्रंका खाली उतरतात, त्याचाच हा परिणाम असावा. ‘ते दिवस किती छान होते’ एवढंच लिहिलेली पत्रं बाजूला ठेवली आहेत. ज्यांच्या हातात कापड, कात्री किंवा इस्त्री आहे त्यांचा नंबर आधी.

प्रश्न : शाळेच्या मेळाव्यासाठी आम्ही सहा मित्रांनी बेलबॉटम शिवायचं ठरवलं. टेलर तरुण आहे. त्याने पहिली पँट शिवली ती धड बेलबॉटम नाही, धड पायजमा नाही. त्याला मापं नेमकी काय सांगायची आणि कापड किती घ्यायचं? (भुसावळ)

चूक टेलरची निम्मी, तुमची निम्मी. ‘खाली रुंद ठेव’ म्हटलं की आजचा टेलर मांडीपासूनच पँट सैल करत नेतो. बेलबॉटमची सगळी करामत गुडघ्यात आहे. मांडी अंगासरशी, गुडघा आवळलेला आणि तिथून खाली घंटा, असं चित्र कागदावर काढूनच द्या. बूटकटमध्ये गुडघा आणि बॉटम यांत इंच-दोन इंचांचा फरक असतो, बेलबॉटममध्ये तो सहा ते आठ इंचांचा.

साडेपाच फुटांच्या आसपास उंची आणि ३४ कंबर असलेल्या माणसासाठी ही मापं धरा : लांबी ४२ इंच, सीट ३९, मांडी २४, गुडघा १८, बॉटम २५. मांडी अंगापेक्षा दीड-दोन इंचच सैल असावी. गुडघ्याची खूण वाटीवर करायची नाही, वाटीच्या इंचभर वर करायची. या लांबीला ती कंबरेपासून २३ इंचांवर येते. खूण खाली गेली तर घेर पोटरीवर अडकतो आणि चालताना कापड मागून गोळा होतं.

कापताना गुडघ्याचे १८ इंच पुढच्या भागात ८, मागच्या भागात १० असे वाटा. बॉटमचे २५ पुढे साडेअकरा, मागे साडेतेरा. उतार आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही शिलाईंना सारखा द्या. काही जण कापड वाचवायला सगळा घेर बाहेरच्या बाजूला देतात. मग पाय पिळल्यासारखा दिसतो आणि इस्त्रीची घडी नडगीवरून घसरून आत वळते.

कापड ५८ इंच पन्ह्याचं असेल तर साध्या पँटला १.२० मीटर पुरतं, बेलबॉटमला १.३५ मीटर घ्या. एरवी चार भाग आखून झाल्यावर कडेला जी पट्टी उरते तिच्यातून बेल्ट आणि खिशाच्या पट्ट्या निघतात. इथे चार बॉटम शिलाईच्या दाबासकट (म्हणजे शिवणीसाठी सोडलेल्या जास्तीच्या कापडासकट) ५४ इंच खातात, कडेला फारसं काही उरत नाही, म्हणून बेल्ट लांबीतून काढावा लागतो. कापड जरा वजनदार हवं : टेरीवूल (पॉलिस्टर आणि लोकर) किंवा पॉलिस्टर-व्हिस्कोजचं सूटिंग. पातळ सुती कापडाची घंटा होत नाही, झेंडा होतो. लायक्रा मिसळलेलं ताणणारं कापडही नको; ते गुडघ्याला चिकटतं आणि दुपारपर्यंत तिथे फुगवटा धरतं.

दुमडीत नव्या टेलरचा हमखास घोटाळा होतो. बॉटम खाली रुंद होत जातो. त्याच उताराने पुढे दोन इंच दाब सोडला तर तो वर दुमडल्यावर ज्या जागेला टेकतो त्यापेक्षा मोठा पडतो आणि आत चुण्या गोळा होतात. दाब उलट्या उताराने कापायचा, म्हणजे बॉटमच्या रेषेपाशी रुंद आणि खाली जाताना अरुंद. कागद बॉटमच्या रेषेवर दुमडून कापला की हा आकार आपोआप मिळतो.

लांबी घालायच्या बुटावरच ठरवा. पुढून कापड बुटाच्या लेसवर टेकावं, मागून जमिनीपासून अर्धा इंच वर राहावं. तेवढी लांबी ठेवली की चालताना मागची कड टाचेखाली घासते. त्यावर त्या काळच्या टेलरांचा इलाज होता पितळी चेनचा. ५ नंबरची धातूची चेन घ्यायची, तिच्या दोन्ही बाजू वेगळ्या करायच्या, सरकणारा रनर फेकून द्यायचा. एक बाजू उजव्या पायाला, एक डाव्याला. १२-१३ इंचांचा तुकडा मागच्या निम्म्या घेराला आतून असा लावायचा की फक्त दात कडेखाली जेमतेम डोकावतील. जमिनीला दात घासतात, कापड वाचतं. चेनची सुती पट्टी आधी पाण्यात भिजवून वाळवून घ्या. नाहीतर पहिल्या धुण्यात ती आटते आणि बॉटमला मागून सुरकुत्या पडतात. प्लास्टिकची चेन लावू नका, चार दिवसांत झिजते.

आणि मेळाव्याला सायकलवरून जाणार असाल तर उजव्या पायाला क्लिप लावा, चेनची चेनशी गाठ पडायला नको.

प्रश्न : नवं शिवायचं बजेट नाही. माझ्या जीन्सलाच कळी घालून बेलबॉटम करता येईल का? मशीन घरी आहे. (शिरपूर, कॉलेजची विद्यार्थिनी)

येईल की. जीन्सचा बॉटम १६ इंच असेल आणि तो २४ करायचा असेल तर आठ इंच हवेत. ती एकच आठ इंचांची कळी बाहेरच्या शिलाईत घालू नकोस, पाय एका बाजूला लोंबतो. बाहेर चार आणि आत चार अशा दोन कळ्या घाल. म्हणजे दोन पायांना मिळून चार कळ्या. जीन्सच्या एका शिलाईला, बहुधा आतल्या, जाड दुहेरी टाके असतात. ती उसवायला वेळ लागतो. ब्लेडने घाई केली तर कापडच फाटतं.

शिलाई खालून गुडघ्यापर्यंत उसव. कळीचा त्रिकोण खाली ५ इंच रुंद (चार इंच आणि दोन्हीकडे अर्धा-अर्धा इंच दाब), उंची उसवलेल्या लांबीपेक्षा अर्धा इंच जास्त. कापडाचा उभा धागा त्रिकोणाच्या बरोबर मध्यातून जायला हवा. शिवताना प्रत्येक बाजू खालून वर शिवत ये आणि टोकाच्या अलीकडे थांबून धागा हाताने गाठव. दोन्ही शिलाया टोकाशी एकमेकींवर चढल्या की तिथे कुत्र्याच्या कानासारखी चुणी उभी राहते आणि ती इस्त्रीने बसत नाही.

कळीच्या तिरक्या कडा ताणल्या जातात, म्हणून लगेच दुमडू नकोस. पँट रात्रभर कंबरेकडून टांगून ठेव. सकाळी कळ्या मधून पाव-अर्धा इंच खाली उतरलेल्या दिसतील. तेवढं कापून सरळ कर, मग दुमड. आजीच्या लुगड्याच्या काठाची कळी छान दिसते, पण तिला आतून सुती अस्तर हवंच. जीन्सच्या वजनापुढे काठ टिकत नाही.

प्रश्न : १९८६ साली लग्नात मानपानाचा सफारीचा पीस मिळाला होता. शिवायचा राहून गेला. तेव्हा माझी छाती ३८ होती, आता ४४ आहे. आता शिवला तर चालेल का? (पाचोरा)

जिभाऊ, खानदेशातल्या निम्म्या कपाटांत असा एक पीस निघेल. व्याह्याने व्याह्याला दिलेला, घडी न मोडलेला.

आधी पीस दिवसाच्या उजेडात उघडा आणि खिडकीसमोर धरा. बारीक भोकं दिसली तर कापडात लोकर आहे आणि कसर लागून गेली आहे. निव्वळ पॉलिस्टर-व्हिस्कोज असेल तर कसर सहसा त्याच्या वाटेला जात नाही. मग घडीची परीक्षा. चाळीस वर्षं एकाच ठिकाणी दुमडलेलं कापड तिथेच कमजोर होतं. घडीच्या दोन्ही बाजूंना चिमटीत धरून हळू ताण द्या. ‘चर्र’ असा आवाज आला किंवा धागे सरकले तर ती रेषा शिवणीत जाईल अशी आखणी करावी लागेल. टेलरला हे कापायच्या आधी सांगा.

घडीचा पांढुरका डाग मळाचा असेल तर धुऊन जातो, उजेडाने रंग उडालेला असेल तर जात नाही. नुसती घडी बसत नसेल तर एक भाग व्हिनेगर आणि तीन भाग पाणी एकत्र करून त्यात फडकं भिजवा, पिळा, घडीवर ठेवा आणि मध्यम इस्त्री दाबा. सरकवू नका. आधी कोपऱ्यात करून बघा.

पॉलिस्टर-व्हिस्कोजचा पीस शिवण्याआधी रात्रभर साध्या पाण्यात भिजवून, न पिळता सावलीत टांगा, व्हिस्कोज आटतं. टेरीवूल भिजवू नका, त्याला ओल्या फडक्यावरून वाफच द्या.

पुरण्याचा प्रश्न राहिला. अशा पिसात साधारण तीन मीटर कापड असतं. ३८ छातीला अर्ध्या बाह्यांची सफारी आणि पँट त्यात निघायची. ४४ छातीला दोन्ही बसवायला गेलात तर टेलर खिसे लहान करेल, बाह्या आखूड करेल आणि चार खिशांच्या सफारीचा रुबाबच जाईल. आमचं मत विचाराल तर फक्त वरचा कोट-शर्ट शिवा आणि पँट वेगळ्या गडद रंगाची घ्या. उरलेल्या कापडातून नातवाची हाफ पँट निघेल.

प्रश्न : वडिलांचे टेरिकॉटचे चार शर्ट आहेत, लांब टोकांच्या कॉलरचे. अंगाचं कापड अजून करकरीत आहे, पण कॉलर घडीवर झिजली आहे आणि पिवळी पडली आहे. पूर्वी टेलर कॉलर उलटवून द्यायचे. आता इथे कुणी हात लावत नाही. घरी जमेल? (अमळनेर)

जमेल, फक्त एका शर्टाला दीड-दोन तास लागतील. टेलर नाही म्हणतात ते त्या वेळेमुळेच. तेवढ्यात त्यांचा एक नवा शर्ट कापून होतो.

आधी पिवळेपणा काढा, मग कॉलर उलटवा. टेरिकॉटमध्ये बहुधा ६७ टक्के पॉलिस्टर आणि ३३ टक्के कापूस असतो. पॉलिस्टरला पाणी नको असतं, तेल मात्र ते घट्ट धरून ठेवतं. मानेचं तेल आणि डोक्याचं खोबरेल त्यात वर्षानुवर्षं मुरतं, म्हणून कपड्याच्या साबणाने फरक पडत नाही. कोरड्या कॉलरवरच भांड्याच्या लिक्विड साबणाचे तीन-चार थेंब चोळा, पंधरा मिनिटं ठेवा, जुन्या टूथब्रशने घडीच्या दिशेने घासा. मग हात सहज बुडेल एवढ्या कोमट पाण्यात, चार लिटरला एक मोठा चमचा सोडियम परकार्बोनेट, म्हणजे ऑक्सिजनवाली ब्लीच पावडर, टाकून दोन तास भिजवा. हे पांढऱ्या आणि पक्क्या रंगाच्या शर्टांसाठी. क्लोरीनची ब्लीच वापरू नका. ती कापसाचे धागे खाते, पॉलिस्टर तेवढं शिल्लक राहतं आणि कापड जाळीसारखं होतं. शिवाय सुरकुत्या न पडण्यासाठी त्या काळी कापडावर जे रसायन चढवत, ते क्लोरीनने आणखी पिवळं पडतं.

आता उलटवणं. कॉलरचे दोन भाग असतात : वर दुमडणारं पान आणि गळ्याला उभी राहणारी पट्टी. पान पट्टीच्या दोन थरांमध्ये सँडविचसारखं बसवलेलं असतं. झीज होते ती पानाच्या वरच्या थरावर, घडीच्या रेषेत, दाढीचे खुंट घासून. खालचा थर नवाच असतो. पान काढायचं, उलटं करायचं, परत बसवायचं, एवढीच युक्ती आहे.

आधी दोन गोष्टी तपासा. खालचा थर त्याच कापडाचा आहे ना? काही टेलर कापड वाचवायला खाली जोड द्यायचे. आणि खालच्या बाजूला हाडासाठी, म्हणजे कॉलर ताठ ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या पट्टीसाठी, खाच आहे का? असेल तर उलटवल्यावर ती वर दिसेल. तिथे उलटवू नका, नुसतं रफू करा.

पानाचा मध्य आणि पट्टीचा मध्य वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने खुणावा. हे राहिलं तर पुढे टोकं कमी-जास्त होतात. सीम रिपरने फक्त पट्टीची वरची शिलाई, पानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उसवा. पट्टीची गळ्याकडची शिलाई बिलकुल उघडू नका. पान बाहेर काढा, जुने दोरे आणि मळ झटका. झिजलेल्या रेषेखाली मलमलची बारीक पट्टी ठेवून आडव्या टाक्यांनी शिवून घ्या, नाहीतर पुढच्या धुण्यात तिथे भोकच पडेल. मग पान उलटं करा, मध्याला मध्य जुळवा, आधीचा दाब जेवढा होता तेवढंच आत सरकवा (बहुधा पाव इंच) आणि हाताने कच्चे टाके घाला. आरशासमोर घालून बघा. मगच १४ नंबरच्या सुईने, इंचाला बारा टाके, जुन्या रेषेवरूनच मशीन चालवा.

काय बिघडतं? कॉलरचा वरचा थर कापतानाच खालच्यापेक्षा किंचित मोठा ठेवलेला असतो, म्हणून टोकं खाली वळतात. उलटवल्यावर तोच थर खाली जातो आणि टोकं वर उचलली जातात. चार इंचांच्या टोकांना हे चांगलंच जाणवतं. ओलं फडकं ठेवून खालच्या बाजूने इस्त्री दाबा आणि कापड गार होईपर्यंत जड पुस्तकाखाली ठेवा. बऱ्यापैकी बसतात. दुसरं : चिकटवायच्या बकरमची (कॉलर ताठ ठेवणाऱ्या आतल्या कापडाची) कॉलर असेल तर बकरम वरच्या थराला चिकटलेलं असतं. तो खाली गेला की नवा वरचा थर मोकळा राहतो आणि त्यावर फुगे दिसतात. शिवून घातलेल्या जुन्या बकरमला हा त्रास नसतो.

चारपैकी सगळ्यात खराब शर्ट आधी हातात घ्या. आवडता शेवटी.

प्रश्न : आईची १९७२ च्या सुमाराची फुलाफुलांची साडी आखाजीला नेसायची आहे. कुणी नायलॉन म्हणतं, कुणी टेरिलीन. एका कोपऱ्याला इस्त्री चिकटून भोक पडलं. ओळखायचं कसं? (जळगाव)

नेसत्या टोकातून, पदरातून नव्हे, तीन-चार धागे काढा. उभे वेगळे, आडवे वेगळे. स्टीलच्या ताटलीत थोडं पाणी घ्या, धागे चिमट्यात धरा आणि त्यावर मेणबत्तीशी न्या. कागदासारखा जळाला, मऊ राखाडी राख पडली : सुती किंवा रेयॉन. केस जळाल्याचा वास आला, काळा मणी बोटांनी चुरला गेला : रेशीम. ज्योतीपासून आक्रसून पळाला, काळा धूर आला, कडक काळा मणी झाला : पॉलिस्टर, म्हणजे तुमची टेरिलीन. वितळला, धूर फारसा नाही, मणी कडक पण करडा-तपकिरी : नायलॉन. मणी लगेच बोटाने दाबू नका, भाजतं.

इस्त्री चिकटली यावरून नायलॉनचाच संशय जास्त. आपल्याकडचं बहुतेक नायलॉन २२० अंशांच्या आसपास वितळतं, पॉलिस्टर २५५ च्या पुढे. सुतीसाठी ठेवलेली इस्त्री २०० पर्यंत जाते आणि नायलॉन त्याच्या बरंच आधी मऊ पडायला लागतं. सगळ्यात कमी आचेवर, उलट्या बाजूने, मध्ये सुती फडकं ठेवून इस्त्री करा. खरं तर नायलॉनला इस्त्री लागतच नाही. त्या साड्या घरोघर आवडत्या झाल्या त्या याच गुणावर : रात्री धुवा, सकाळी नेसा. इस्त्रीला चिकटलेलं काढायला ती जरा कोमट करा, लाकडी उलथण्याने खरवडा, ओल्या फडक्यावर खाण्याचा सोडा घेऊन पुसा. सुरी लावू नका.

उन्हाचं सांगायला हवं. मोजमापाच्या ठरलेल्या हवेत कापूस आपल्या वजनाच्या साडेआठ टक्के ओल धरतो, नायलॉन चार टक्के, पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. जळगावच्या पंचेचाळीस अंशांत त्या साडीत घाम जिरत नाही, तो पाठीवरून ओघळतो. परकर आणि ब्लाऊज सुतीच घाला. परकर सुती असला की कोरड्या हवेत साडी पायांना चिकटून चटचट वाजते तेही कमी होतं. संध्याकाळी झोक्यावर बसायला नेसा, दुपारी पुरणाचे मांडे करताना नको. चुलीजवळ आणि निरांजनाजवळ तर अजिबात नको. नायलॉन जळतं तेव्हा वितळून कातडीला चिकटतं, सुती पदरासारखं झटकून टाकता येत नाही.

प्रश्न : शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलींच्या वर दुमडलेल्या दोन रिबिनीच्या वेण्या घालायच्या आहेत. आम्ही घातल्या, पण नाच सुरू झाला की दोन मिनिटांत बो सुटतात. (चोपडा, शिक्षिका)

ताई, बो शेवटी बांधलेला दिसतोय. रिबीन वेणीच्या आतून यायला हवी. एका वेणीला इंचभर रुंदीची सव्वा मीटर रिबीन घ्या. टोकं पेटत्या उदबत्तीने हलकेच शेका. नायलॉन वितळून कड बंद होते आणि धागे निघत नाहीत. केसांना आदल्या रात्री तेल लावा, ऐन वेळी नको, ताज्या तेलाने रिबीन घसरते.

वेणी घालत या आणि शेवटचे पाच-सहा वळसे उरले की रिबीन मधोमध दुमडून वेणीच्या मागून धरा. तिची दोन टोकं दोन पेडांत मिसळून वेणी पूर्ण करा. खाली एक साधी गाठ मारा. मग वेणी वर दुमडून तिचं टोक कानामागे मुळाशी आणा, रिबिनीची टोकं मुळाभोवती समोरासमोरून फिरवा आणि आधी दोनदा पीळ देऊन पक्की गाठ, तिच्यावर बो. नवी साटीनची रिबीन दिसायला छान पण निसरडी असते. जाळीदार नायलॉनची जुनी रिबीन मिळाली तर तीच घ्या. लहान केसांच्या मुलींना काळ्या गोंड्यांचं गंगावन जोडा. रिबीन नुसतीच लांब केली तर डोकं दुखेपर्यंत आवळावी लागते.

प्रश्न : आजीच्या जुन्या रेशमी साडीतून आठ वर्षांच्या मुलीला परकर-पोलकं शिवायचं आहे. मापं आणि काय सांभाळायचं ते सांगा. (शहादा)

कात्री लावण्याआधी साडी घड्यांवर ताणून बघा. रेशीम घडीवर चिरत असेल तर परकर शिवू नका, पहिल्याच फुगडीत फाटेल. मग फक्त काठ आणि पदर वापरा, परकर नव्या सुती कापडाचा करा.

साडी चांगली असेल तर परकराचा घेर साडीच्या लांबीतून घ्यायचा, म्हणजे काठ आपोआप खाली येतो आणि खालची कड दुमडावी लागत नाही. आठ वर्षांच्या मुलीला २८ इंच लांबी धरा. त्यात नेफ्याचे दोन इंच मिळवा. आणि काठाच्या वर एकेक इंचाच्या दोन आडव्या दुमडी घाला, त्यांना चार इंच लागतात. एकूण ३४ इंच. दरवर्षी एक दुमड उसवली की परकर दोन इंच वाढतो. पूर्वी एकच परकर तीन वर्षं जायचा तो असा. मात्र दुमडीचा दोरा सुती आणि टाके मोठे ठेवा. पॉलिस्टरच्या दोऱ्याचे बारीक टाके उसवताना रेशीम कापतात.

घेर अडीच मीटर पुरे. तीन मीटर केलात तर २२ इंचांच्या कंबरेवर चुण्यांचा ढीग होतो. पोलक्याला पदराकडचा पाऊण-एक मीटर. फुग्याच्या बाहीला दंड आठ इंच असेल तर खालची पट्टी नऊ इंच आणि बाही चौदा इंच रुंद कापा. चुण्यांसाठी मोठ्या टाक्यांच्या दोन रेषा समांतर घाला. एकाच रेषेवर ओढल्या तर चुण्या एका जागी गोळा होतात. आतून मलमलचं अस्तर, कारण जर काखेत टोचते.

काळी पडलेली जर चिंचेने किंवा टूथपेस्टने घासू नका. वरचा मुलामा निघून खालचा धागा उघडा पडतो.

प्रश्न : आमच्या एकांकिकेत १९६५ सालचं कॉलेज आहे. बेलबॉटम आणि ठिपक्यांचे ब्लाऊज चालतील का? (धुळे)

नाही. १९६५ ला मुलांच्या पँटी उलट नळीसारख्या होत्या. बॉटम १४ इंच ठेवा, शर्ट आत खोचलेला, केस तेल लावून मागे. शिवाय पांढरा पायजमा-शर्ट घातलेली चार मुलं गर्दीत हवीतच. मुलींपैकी एखादीला कपाळावर झुलपं कापलेला साधना कट द्या. साधनाचा ‘लव्ह इन शिमला’ १९६० चा आहे, तेव्हा तो बसतो. बाकीच्या पाचवारी साडीत, लांब वेणीत. ठिपक्यांचा बॉबी प्रिंट १९७३ च्या ‘बॉबी’नंतरचा, तो आणि बेलबॉटम दोन्ही दुसऱ्या अंकासाठी ठेवा, जर तो दहा वर्षांनंतरचा असेल तर. ‘फ्रेंड’ लिहिलेली टोपी कुणी आणली असेल तर घरी पाठवा. ती १९८९ च्या ‘मैंने प्यार किया’ची.

प्रश्न : ट्रंकेतल्या कपड्यांना डांबर गोळीचा वास येतो. तीन वेळा धुतले. पांढऱ्यावर गंजाचे डागही आहेत. (रावेर)

डांबर गोळी हवेत उडून जाणारी वस्तू आहे, पाण्यात विरघळणारी नाही, म्हणून धुऊन फरक पडत नाही. कपडे उलटे करून वाऱ्याच्या सावलीत तीन-चार दिवस टांगा, रोज झटका, मग एकदाच धुवा. नायलॉन आणि पॉलिस्टर वास जास्त दिवस धरतात. असे कपडे, दुपटी, झबली तान्ह्या बाळाला थेट वापरू नका. काही बाळांना जन्मतः एका एन्झाइमची कमतरता असते आणि या गोळीच्या वाफेने त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

गंजाचा डाग पांढऱ्या सुतीवर असेल तर लिंबू पिळून वर मीठ पसरा, अर्धा-एक तास उन्हात ठेवा, वाळू लागलं की पुन्हा लिंबू, मग भरपूर पाण्याने धुवा. दोन-तीन वेळा करावं लागतं. क्लोरीन ब्लीच लावलीत तर डाग आणखी पक्का होतो. रंगीत कापडावर हे करू नका, रेशमावर तर नकोच. आणि कपडे परत ठेवताना ट्रंकेच्या तळाशी जुनी धुतलेली सुती चादर दुहेरी अंथरा, पत्र्याला कापड लागू देऊ नका. वर्तमानपत्र नको, त्याची शाई पांढऱ्यावर उतरते.